कुठलं पेट्रोल? बारवीच्या रस्त्यावर बंद पडलेली बाईक आणि विमानाच्या टाकीची गोष्ट

ज्यांना लोकलच्या गर्दीत इयरफोन लावायलाही हात मोकळा मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका बंद पडलेल्या बाईकपासून सुरू होतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. मी बरेच महिने कामासाठी पुण्यात होतो आणि बाईक बदलापूरला, बिल्डिंगच्या आवारात, उघड्यावर उभी. टाकी अर्धी भरलेली. शनिवारी घरी आलो, पाऊस मस्त लागला होता, म्हटलं बारवीच्या बाजूला एक चक्कर मारून येऊ. धरणावर पावसाळ्यात कितीदा तरी बंदी असते, त्यामुळे पाण्यात उतरायचा वगैरे प्लॅन नव्हता. फक्त मुरबाडकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावरून जायचं, डोंगरावरचे धबधबे बघायचे, कुठेतरी टपरीवर चहा-भजी खायची आणि परत फिरायचं.

परत फिरायची वेळच आली नाही. धरणाच्या अलीकडच्या चढावर गाडीने दोन झटके दिले आणि बंद. पुन्हा स्टार्ट होते, दहा मीटर जाते, बंद. शेवटी एका टेम्पोवाल्याने दया दाखवली आणि आम्ही दोघं, मी आणि बाईक, बदलापूरला गॅरेजमध्ये पोचलो.

मेकॅनिक काकांनी टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं, बाटली दोन मिनिटं बाकावर ठेवली आणि मला म्हणाले, "बघ." बाटलीत दोन थर होते. वर पेट्रोल आणि खाली, दोन बोटं उंचीचा, वेगळ्याच रंगाचा गढूळ थर. "झाकणाचं रबर फाटलंय. पावसाचं पाणी आत गेलं. पंप तळातूनच ओढतो ना, मग तो हेच ओढत होता."

मी विचारलं, एवढं पाणी गेलं आत? काका म्हणाले, "सगळं पाणी नाही ते. पाण्याने पेट्रोलमधलं इथेनॉल पण खाली खेचलंय."

त्या बाटलीकडे बघताना मला एकदम इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आठवलं, आणि आमचे सर.

सरांचा प्रश्न

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा माझ्या एका मित्राच्या डोक्यात खूळ होतं: बाईकचं जुनं इंजिन घ्यायचं, त्याला पंखा लावायचा आणि एका माणसाला उडवेल असं काहीतरी बनवायचं. मी कॉम्प्युटरवाला, तो मेकॅनिकलवाला. माझं काम सेन्सर आणि कोड, त्याचं काम बाकी सगळं. भंगारातून १५० सीसीचं इंजिन आणलं, लोखंडी स्टँडवर बसवलं, चालूही केलं. आवाज असा की हॉस्टेलचे वॉर्डन धावत आले.

मग आम्ही ते सरांना दाखवायला घेऊन गेलो. आम्हाला वाटलं सर पंख्याबद्दल विचारतील, वजनाबद्दल विचारतील. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "इंधन कुठलं?"

"पेट्रोल, सर."

"कुठलं पेट्रोल?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. पेट्रोल म्हणजे पेट्रोल! कोपऱ्यावरच्या पंपावरचं. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे उत्तर नीट देता आलं की मग या." आम्ही काही पुन्हा गेलो नाही. प्लेसमेंट आली, नोकऱ्या लागल्या, इंजिन परत भंगारात गेलं.

काकांच्या गॅरेजमधली ती बाटली बघून, इतक्या वर्षांनी, मला सरांचा प्रश्न कळला. म्हणून या भागासाठी बसून वाचून काढलं की विमानात गाडीचं पेट्रोल चालतं का? कोणी चालवलं? आणि नसेल चालत तर का? उत्तर मजेशीर आहे. सुरुवातीला तेच चालायचं. मग वाटा वेगळ्या झाल्या. मग पुन्हा एकत्र आल्या. आणि आता आपल्याकडे परत वेगळ्या होतायत, आणि या वेळी त्याचं एक टोक आपल्या उसाच्या फडात आहे.

(तळपद्यांचं विमान का नाही घेतलं, असं विचाराल. त्या गोष्टीत पेट्रोल नाही आणि पुराव्यांचा घोळ मोठा आहे. त्यावर वेगळा भाग करू.)

एकाच डब्यातलं पेट्रोल

१७ डिसेंबर १९०३. राइट बंधूंचं विमान उडालं. त्याचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत बनवलं होतं. ताकद साधारण १२ अश्वशक्ती, म्हणजे आज आपल्या रस्त्यावरच्या साध्या १५० सीसी बाईकची असते त्याच्याही आतबाहेर. त्यात टाकलं ते साधं पेट्रोल. विमानाचं वेगळं पेट्रोल असतं ही कल्पनाच तेव्हा नव्हती, कारण विमानच नव्हतं!

पुढची वीस-पंचवीस वर्षं थोड्याफार फरकाने हेच चाललं. १९२९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका छोट्या गावात बर्नार्ड पिटेनपोल नावाच्या माणसाने फोर्ड मॉडेल ए या मोटारीचं इंजिन लाकूड आणि कापडाच्या विमानावर बसवलं. विमानाचं इंजिन महाग, फोर्डचं इंजिन गावोगाव मिळायचं, आणि ते दुरुस्त करणारा माणूसही गावात असायचा. त्याने आराखडे विकायला काढले आणि लोकांनी आपापल्या गोठ्यात, शेडमध्ये ती विमानं बांधली. घरी विमान बांधणाऱ्यांच्या जगात ते नाव आजही आदराने घेतात.

आणि आपल्याकडे? १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ नावाच्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा बर्मा-शेलचं पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांतून. ते ओतून घेतलं आणि दुपारी जुहूला विमान उतरलं. एअर इंडियाची सुरुवात झाली ती अशी. मला तो प्रसंग फार आवडतो. पुढची पाऊणशे वर्षं विमानाचं इंधन म्हणजे टँकर, पाइपलाइन, नमुने, सही-शिक्के. आणि सुरुवातीला? बैलगाडी.

वाटा वेगळ्या झाल्या त्या 'टकटक'मुळे

चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी जोर लावून चालवली की इंजिनातून टकटक असा आवाज येतो. आपण म्हणतो 'नॉकिंग'. होतं काय, तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत जळत जायला हवं. पण दाब आणि उष्णता जास्त झाली की उरलेलं मिश्रण आपल्या मनानेच, एकदम भडकतं. गाडीत हे झालं तर आपण गिअर उतरवतो. विमान उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकदीवर मिनिटभर तरी असतं, तिथे गिअर उतरवायची सोय नाही. नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

इंजिनातून जास्त ताकद काढायची तर मिश्रण जास्त दाबायचं. जास्त दाबलं की नॉकिंग. हे कोडं सोडवलं शिशाने. १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजलीला सापडलं की टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, चिमूटभर मिसळलं की नॉकिंग थांबतं. शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं आणि ते बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार मेलेही. तरी ते जगभर पसरलं. त्याच दशकात पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे मोजायचं माप आलं, ते म्हणजे ऑक्टेन.

मग जिमी डूलिटल. वैमानिक, शिवाय इंजिनिअर. शेल कंपनीत असताना त्याने १९३० च्या दशकात आग्रह धरला की १०० ऑक्टेनचं पेट्रोल बनवा. तेव्हा असं पेट्रोल लागेल अशी इंजिनं फारशी नव्हतीच, त्यामुळे अनेकांना तो वेडेपणा वाटला. पण १९४० मध्ये इंग्लंडवर जर्मन विमानं आली तेव्हा स्पिटफायर आणि हरिकेनच्या टाकीत १०० ऑक्टेन होतं. तेच मर्लिन इंजिन, पण आधी हजारच्या आसपास अश्वशक्ती देणारं, आता गरज पडली की तेराशेपर्यंत. इंजिन बदललं नाही, पेट्रोल बदललं.

इथून गाडीचं पेट्रोल वेगळं आणि विमानाचं वेगळं. विमानाच्या पेट्रोलला नाव पडलं 'ॲवगॅस'.

हे महायुद्ध आपल्यापासून लांब नव्हतं बरं का. बारवीहून अंबरनाथमार्गे मलंगगड रस्त्याला लागलं की नेवाळी येतं. युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी विमानाच्या धावपट्टीसाठी घेतल्या. युद्ध संपलं, जमिनीचा वाद संपला नाही. जून २०१७ मध्ये तिथे केवढं मोठं आंदोलन पेटलं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. उल्हासनगरसुद्धा मुळात त्याच काळातला लष्करी कॅम्प. म्हणून तर आजही रिक्षावाला विचारतो, 'कितवा कॅम्प?'

पुन्हा एकत्र

युद्धानंतर छोटी विमानं आली, दोन सीटची, शिकाऊ. त्यांच्या इंजिनांना १०० ऑक्टेन लागत नव्हतं. त्यांच्यासाठी ८० ऑक्टेनचं हलकं ॲवगॅस मिळायचं. १९७० च्या दशकात तेल कंपन्यांनी ठरवलं की दोन-तीन प्रकार ठेवणं परवडत नाही, सगळ्यांसाठी एकच: '१०० एलएल'. एलएल म्हणजे 'लो लेड', कमी शिशाचं. पण कमी कोणापेक्षा? जुन्या १०० पेक्षा. ८० ऑक्टेनवाल्यापेक्षा यात शिसं चौपटीपर्यंत जास्त! छोट्या इंजिनांत ते शिसं जळेना, स्पार्क प्लगवर त्याचे मणी जमायला लागले.

तेव्हा अमेरिकेतल्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे पॉल पोबेरेझ्नीने १९५३ मध्ये सुरू केलेल्या ईएएने, सरळ प्रश्न केला: ही इंजिनं मुळात साध्या पेट्रोलवर चालायची, तर आता पंपावरचं का नको? नुसता प्रश्न विचारून थांबले नाहीत. एका सेसना १५० मध्ये गाडीचं पेट्रोल घालून शेकडो तास उडवलं, इंजिन उघडून बघितलं, उन्हात तापवून बघितलं, नोंदी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये तिथल्या सरकारी विमान खात्याची मंजुरी मिळवली.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना मंजुरी 'पेट्रोल'ला नाही मिळाली. अमुक इंजिन, अमुक विमान, अमुक प्रतीचं पेट्रोल, आणि त्यात अल्कोहोल नको, अशी मिळाली. सरांचा प्रश्न तोच होता.

मग १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२ नावाचं इंजिन आलं. ८० अश्वशक्ती, नंतर १०० ची आवृत्ती. हे इंजिन मुळातच बिनशिशाच्या गाडीच्या पेट्रोलसाठी बनवलंय. उलट त्यात ॲवगॅस घातलं तर शिशाचा गाळ साचतो आणि तेल लवकर बदलावं लागतं. जगात घरी बांधलेली कितीतरी छोटी विमानं आज याच इंजिनावर उडतात. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगच्या मुलांना ज्या 'व्हायरस' मायक्रोलाइट विमानांतून उडवतात, त्यांत हेच ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स आहे. तुमच्यापैकी कोणी एनसीसीत असाल तर तुम्ही कदाचित या गोष्टीत बसूनही आलेले असाल.

आणि आता ऊस

(इथे ऑडिओत जो खळखळ आवाज आहे तो बाटलीचा. कृपया घरी करू नका. मी गॅरेजमध्ये, काकांसमोर केलंय.)

काकांनी मला नंतर एक जुनी युक्ती दाखवली. विमानवालेही हीच वापरतात. पारदर्शक उभट बाटलीत थोडं पाणी घ्या, पातळीवर खूण करा. वर पेट्रोल ओता, हलवा, थांबा. पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर पाणी खुणेवरच राहतं. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालची पातळी खुणेच्या वर चढते. आमची चांगलीच चढली.

ते इथेनॉल आलं कुठून? २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून विकायचे चाचणी प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले. त्यातली दोन ठिकाणं आपली, मिरज आणि मनमाड. जिथे साखर कारखाने तिथे मळी, जिथे मळी तिथे इथेनॉल. २००३ पासून हे काही राज्यांत लागू झालं. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्केवालं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे झालं. शिवाय त्याआधी, १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातलं पेट्रोल बिनशिशाचं झालं होतं.

म्हणजे हिशोब बघा. माझा जन्म झाल्यापासून आजपर्यंत पंपावरची पाटी एकच आहे, 'पेट्रोल'. पण आतला माल निदान चार वेळा बदललाय. शिसं गेलं, ५ टक्के इथेनॉल आलं, १० झालं, २० झालं. आमच्या धंद्यात याला म्हणतात, लायब्ररीचं नाव तेच ठेवून व्हर्जन बदलणं. तुमचा प्रोग्रॅम काल चालत होता, आज तुम्ही एक ओळही बदलली नाही, तरी चालत नाही.

गाडीला हे जमून जातं, कारण गाडी बनवणारे त्याच हिशोबाने गाड्या बदलतात. आणि बंद पडली तरी ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. टेम्पोवाला येतो. विमानाचं तसं नाही. तिथे इथेनॉल तीन ठिकाणी नडतं.

एक, पाणी. विमानाच्या टाकीच्या सगळ्यात खालच्या टोकाला एक झडप असते. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक तिथून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून बघतो. ॲवगॅसमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी थेंब होऊन दिसतं, काढून टाकता येतं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून बसतं, कपात काहीच दिसत नाही. मग विमान वर जातं. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पेट्रोल गार झालं की त्याची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. जमिनीवर एकजीव असलेलं मिश्रण वर जाऊन फुटू शकतं, माझ्या बाटलीसारखं. आणि पंप तळातूनच ओढतो.

दोन, वाफ. पेट्रोलची वाफ किती सहज होते याचं माप असतं. ॲवगॅसला ते ३८ ते ४९ किलोपास्कलच्या आतच ठेवावं लागतं. गाडीच्या पेट्रोलला त्याहून जास्त मुभा आहे. वर हवेचा दाब कमी, इंजिनाजवळ नळी तापलेली. पेट्रोलची नळीतच वाफ झाली की पंपाच्या हाताला द्रव लागतच नाही आणि इंजिन उपाशी राहतं. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. एप्रिल-मेच्या उन्हात जुनी कार्बोरेटरवाली गाडी घाटात बंद पडायची आणि बाबा बॉनेट उघडून ओलं फडकं टाकायचे, आठवतंय? तेच.

तीन, रबर, गोंद आणि फायबर. जुन्या विमानांच्या टाक्यांचे लेप, नळ्या, सील हे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलेच नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण सुटून गाळणीत अडकतात. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते, त्यामुळे २० टक्केवाल्या टाकीतून पोचायचं अंतर ६-७ टक्क्यांनी कमी होतं.

रोटॅक्सने आपल्या ९१२ इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहून दिलंय. आपल्या पंपावर आता २० आहे. गाडीच्या पेट्रोलसाठीच जन्मलेल्या इंजिनाला आपल्याकडच्या गाडीच्या पेट्रोलपासून पुन्हा जपावं लागतंय. वाटा परत वेगळ्या झाल्या.

कोणी म्हणेल, मग पंपावर ते महागवालं १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं ते घाला की! आकडा सारखा म्हणजे माल सारखा नव्हे. गाडीचं ऑक्टेन एका पद्धतीने मोजतात, विमानाचं वेगळ्या, जास्त कडक पद्धतीने. आणि ऑक्टेन हे फक्त नॉकिंगचं माप. वाफेचं, पाण्याचं, टाकीत किती महिने टिकेल याचं काहीच ते सांगत नाही.

एक सांगायलाच हवं, नाहीतर मामा मला जेवायला बोलावणार नाही. मामाचा ऊस आहे, सांगली जिल्ह्यात. इथेनॉलचे पैसे यायला लागल्यापासून कारखान्याकडून बिल वेळेवर मिळतं, असं तो सांगतो. देशाचं बाहेरून तेल आणणंही तेवढं कमी होतं. त्यामुळे इथेनॉल वाईट, असं मी म्हणत नाहीये. माझी बाईक बंद पडली ती फाटलेल्या रबरामुळे. मी फक्त एवढंच म्हणतोय की विमानाला ते सांगून झालेलं नाही.

बदलणार नाही, हा शब्द

मग ॲवगॅस म्हणजे नेमकं काय? मला आता असं वाटतं की ॲवगॅस हा एक शब्द आहे, दिलेला शब्द. की हे इंधन आज जसं आहे तसंच उद्या असेल, मुंबईत जसं तसंच बारामतीत असेल, आणि बदलायचं झालं तर आधी तपासून, कागदावर मंजुरी घेऊन बदलेल. त्या शब्दाचे पैसे असतात. भारत वर्षानुवर्षं तो शब्द बाहेरून विकत आणत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं १०० एलएल बाजारात आणलं. त्यात शिसं अजूनही आहे. जगभर त्याला बिनशिशाचा पर्याय शोधणं चालू आहे, आणि त्याला एवढी वर्षं लागतायत त्याचं कारणही हेच, की हा शब्द घाईत बदलता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याच्या दोन गोष्टी मला एकत्र आठवतात.

एक कॅप्टन अमोल यादव यांची. कांदिवलीत, चारकोपला, घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि धुळ्याला ते २०२० मध्ये उडालं. बांधायला काही वर्षं आणि कागदांनाही काही वर्षं. हा उशीर छळवाद वाटतो, आणि बराचसा तो आहेही.

दुसरी गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची. चोवीस वर्षांचा, आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगमध्ये हात बसलेला एक तरुण. व्हिडिओ बघत बघत त्याने मारुती ८०० च्या इंजिनावर एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये, रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो वरच्या पात्यावर आदळला आणि त्या पात्याने त्याचा जीव घेतला. यात पेट्रोलचा काही दोष नव्हता. पण त्याच्याबद्दल वाचलं की मला आमचं स्टँडवरचं इंजिन आठवतं. त्याच्यात आणि आमच्यात फरक हुशारीचा नव्हता, हिंमत तर त्याच्याकडेच जास्त होती. फरक एवढाच, की आमच्या बाजूला एक माणूस उभा होता जो म्हणाला, कुठलं पेट्रोल, हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सेसनाच्या टाकीत गाडीचं पेट्रोल घालणारे ते अमेरिकन लोकही हौशीच होते. पण त्यांनी एकमेकांना तपासायची व्यवस्था उभी केली. घरी विमान बांधणारा प्रत्येक जण दुसऱ्याला बोलावतो आणि म्हणतो, माझं चुकलंय कुठे ते शोध. आपल्याकडे एका बाजूला व्हिडिओ आहेत आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं हलणारी फाइल. मधे, फुलसावंगीच्या त्या शेडमध्ये येऊन 'थांब भावा, मागचा पंखा आधी दाखव' म्हणणारं कोणी नाही. ते कोण आणि कसं उभं करायचं, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मला खरंच ऐकायचंय.

बाकी, टाकीच्या झाकणाचं रबर बदललंय. बाईक उत्तम चालते. ज्यांची गाडी पावसाळ्यात उघड्यावर उभी असते त्यांनी आजच झाकण उघडून बघा, आणि महिनाभर गाडी काढणार नसाल तर पेट्रोल साठवून ठेवू नका. कोणाच्या डोक्यात इंजिनाला पंखा लावायचं खूळ असेल तर ते सोडू नका. फक्त उडायच्या गोष्टींना डीजीसीएची नोंदणी आणि परवानगी लागते, हे लक्षात ठेवा, आणि चावी फिरवायच्या आधी कोणातरी जाणत्या माणसाला बोलावून सगळे प्रश्न विचारू द्या.

या आठवड्यात मी सरांना फोन केला. त्यांना इंजिन आठवत होतं, आम्ही आठवत नव्हतो. मी म्हटलं, सर, उत्तर तयार आहे. ते म्हणाले, "मग या की."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.